यामा पानी ऱ्हास का?

मागच्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत मी एक छोटंसं टेबल लावलं होतं. दत्तजयंतीची गर्दी, तापीकाठची बोचरी थंडी, घोड्यांच्या बाजारातून उडणारी धूळ, लीद आणि कडब्याचा मिसळलेला वास, आणि शेजारच्या दुकानात लगाम, खोगीर, तंग, घुंगरांचे पट्टे असे ओळीनं लटकवलेले. जिथे लोक कातड्याची वस्तू हातात घेऊन, वाकवून, वास घेऊन विकत घेतात तिथे आपलं काम कोणीतरी नीट बघेल असं वाटलं होतं, म्हणून गेले. टेबलावर माझी नऊ भांडी होती. भांडी म्हणजे वाडगे, दोन घट, एक लांब मानेची सुरई, काठ आत दुमडलेले मोठे बोल, सगळं जाड म्हशीच्या चामड्याचं, पाण्यात भिजवून हातानं आकार दिलेलं, रंग न लावता. दुपारी एक बाबा आले. पांढरी टोपी, धोतर, अंगात जुनं स्वेटर. त्यांनी सगळ्यात मोठा बोल दोन्ही हातांनी उचलला, आतून अंगठा फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, नाकाजवळ नेला. बराच वेळ. मग मला म्हणाले, "व माय, यामा पानी ऱ्हास का?"

मी म्हटलं, नाही बाबा, शोभेचं आहे.

त्यांनी बोल जसा उचलला होता तसाच, दोन्ही हातांनी, जपून खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग याले भांडं कसाले म्हनस?" रागानं नाही, टोमणाही नाही, खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना. मला काही सुचलं नाही, मी हसले, ते पुढे शेजारच्या दुकानात गेले आणि बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याचा भाव करत बसले. त्या दिवशी तीन भांडी विकली गेली, एक तर नाशिकच्या जोडप्यानं फोटो काढून काढून घेतलं, पैसे बरे आले, पण परतीच्या एसटीत दोंडाईचा ओलांडेपर्यंत आणि नंतर धुळ्याला घरी येऊनही डोक्यात तेच. कसाले म्हनस. कशासाठी म्हणते मी त्याला भांडं?

मी शाळेत चित्रकला शिकवते. हे काम शनिवार-रविवारचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतलं. चामड्याला आकार देणं म्हणजे काय ते सांगायचं तर आधी चामडं कोणतं ते सांगावं लागेल, कारण चपलांच्या दुकानात मिळतं ते बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं, ते पाण्यात घातलं तर ओलं होतं आणि वाळलं की पुन्हा होतं तसंच. त्याला काही लक्षात राहत नाही. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं मात्र ओलं असताना जसं दाबाल तसं वाळतं आणि मग तसंच राहतं, अंगठ्याचा खड्डासुद्धा. क्रोमचं पेटंट अमेरिकेत १८८४ साली घेतलं गेलं, त्यानं आठवड्यांचं काम दिवसावर आणलं, आणि हळूहळू सालीचं काम मागे पडलं. त्याआधी सगळीकडे साल, पानं, फळं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, दक्षिणेत तरवड. तरवड म्हणजे तेच आपलं रस्त्याच्या कडेचं पिवळ्या फुलांचं झुडूप, पारोळ्याकडे जाताना दोन्ही बाजूंनी दिसतं. इंग्रजीत त्याचं नावच टॅनर्स कॅशिया आहे, कातडं कमावणाऱ्यांचा कॅशिया. मी कितीतरी वर्षं त्याच्याजवळून सायकलवर गेले असेन आणि मला माहीत नव्हतं की या सालीत ती तुरट गोष्ट आहे जी कातड्याच्या तंतूतंतूला जाऊन चिकटते आणि मग ते सडत नाही. कमावणं हा शब्दही मला फार आवडतो. पैसा कमवायचा, शरीर कमवायचं, कातडं कमवायचं. तिन्हीकडे घाई चालत नाही.

भिजवताना चामडं पाण्यात सोडलं की त्यातून बारीक बुडबुड्यांची रांग वर येते, आवाजही येतो अगदी कानाजवळ नेलं तर, सोडा ओतल्यासारखा. बुडबुडे थांबले की काढायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. सकाळी उघडलं की ते कणकेसारखं गार आणि जड लागतं, आणि वास, काय सांगू, पहिल्या पावसातल्या गोठ्याचा आणि चहाच्या चोथ्याचा मिळून एक. मग लाकडी साच्यावर चढवायचं. मधोमध ताणत जायचं आणि कडेला ज्या चुण्या पडतात त्या एकेक अंगठ्यानं मारत जायच्या, एक मारली की दुसरी बाजूला उगवते, असं दोन-तीन तास. पाठीचं चामडं घट्ट, ते हट्टानं सरकतं. पोटाकडचं सैल, ते लगेच ऐकतं पण नंतर वाकडं वाळतं. एकाच जनावराचं अंग पण दोन स्वभाव. लोखंडाचं काही लागू द्यायचं नाही, कारण सालीतलं तुरट आणि लोखंड भेटलं की निळसर काळा डाग पडतो आणि तो कायमचा. माझ्या पहिल्या बोलच्या तळाशी खिळ्याएवढा काळा ठिपका आहे, साच्यातला एक खिळा वर आलेला होता. तो बोल मी विकला नाही. आणि वाळवणं तर आपल्याकडे मोठी परीक्षा, मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, धुळं काही फार मागे नाही, उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आवळतो आणि आतला ओला राहतो आणि मग बारीक भेगा. म्हणून मी माठाच्या शेजारी ठेवते, जिथे घरातली सगळ्यात गार जागा असते.

सुरईची गोष्ट वेगळी. मान अरुंद असली की आत साचा घालता येत नाही, घातला तर काढता येत नाही. मग जुनी पद्धत अशी की शिवून घ्यायचं आणि आत काहीतरी ठासून भरायचं, वाळू नाहीतर धान्य, वाळलं की ओतून द्यायचं. बिकानेरला उंटाच्या कातड्याच्या कुप्या करतात त्या मातीच्या साच्यावर, वाळलं की आतली माती फोडून झटकून काढतात. आपल्याकडचे तेला-तुपाचे बुधलेही चामड्याचेच असायचे, आता तो शब्दच कुठे ऐकू येत नाही. मी पहिल्या सुरईत दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, भरली. घरात गावाकडून आलेली दादरीची गोणी होती, वाळू आणायला पांझरेवर कोण जाणार, असा आळस. दादर ओल पिऊन फुगली, सुरईचं पोट गोल गरगरीत झालं, मी खूश, आणि मग ती बाहेर येईना. एकेक दाणा विणायच्या सुईनं उकरत बसले. श्रावणातले दिवस, हवा दमट, चौथ्या दिवशी आतून आंबूस वास आणि मानेतून पांढरे कोंब. शेवटी ती सुरई टाकावी लागली, बागेत पुरली. त्या दिवशी नाना दारात उभे राहून बघत होते, म्हणाले, कातड्यात दादर भरायची नसते पोरी, कातड्याच्या बदल्यात दादर आणायची असते.

ते गमतीनं म्हणाले नव्हते.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांचे वडील, आमचे आबा, बोरीकाठच्या गावात बलुतेदार होते, चपला, नाडे, पखाली आणि विहिरीतून पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटा. सुगीत खळ्यावर जाऊन दादर, बाजरी, भुईमूग जे वाट्याला येईल ते आणायचं. मी सात वर्षांची असताना आबा गेले, मला त्यांचे फक्त हात आठवतात, बोटांच्या टोकांना बाभळीचा तपकिरी रंग कायमचा बसलेला, मेंदीसारखा पण नखांच्या आतपर्यंत. मोट मी एकदाच बघितली आहे, तीही गोठ्याच्या भिंतीला टांगलेली, कोणाच्या तरी मळ्यात, उंदरांनी कुरतडलेली. हात लावला तर लाकडासारखी कडक. मला वाटलं मोट अशीच असते. मग आजीनं सांगितलं की ती मेलेली मोट आहे, जिवंत मोट मऊ असते, ओली असते, जड असते, दोन बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरायला लागले की ती विहिरीतून वर येते आणि सोंदूर, म्हणजे सोंडेची दोरी, सैल सोडला की सोंडेतून पाणी थारोळ्यात धडाधडा पडतं. धाव, नाडा, सोंदूर, थारोळं, हे शब्द मी आजीच्या तोंडून ऐकले म्हणून मला माहीत, माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं तर एकालाही नाही, आणि त्यांचा काय दोष, इंजिनं आली मग मोटारी आल्या, आता तर ठिबक. पाण्याचं काम करणारं चामडं गेलं त्याला आता साठेक वर्षं होत आली.

आजी अजून एक सांगायची. नवी मोट पहिल्यांदा विहिरीत सोडायची त्या दिवशी आबांना बोलावणं असायचं. मोटेला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, आबांना नारळाचा तुकडा आणि नवी टोपी मिळायची. मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडलं की घरचे सगळे ओंजळीनं ते पाणी प्यायचे, गोड आहे म्हणायचे. आबा धावेच्या खालच्या टोकाला उभे. त्यांना तहान लागली तर कोणीतरी तांब्या घेऊन यायचं आणि वरून त्यांच्या ओंजळीत धार धरायचं. आजी हे सांगताना आवाज चढवायची नाही, भाजी निवडताना सांगावं तसं सांगायची. त्यांनी शिवलेल्या कातड्यातून आलेलं पाणी चालायचं, ते पिकात जायचं, घागरीत जायचं, आणि त्यांच्या हाताचं नाही. मला लहानपणी हे कळायचं नाही, म्हणजे अन्याय कळायचा पण हिशोब कळायचा नाही. चामडं पाण्याला बाटवत नाही आणि चामड्याचा माणूस बाटवतो, हा कसला हिशोब? आजही कळत नाही. बिकानेरच्या कुप्यांवर सोन्याची नक्षी करणाऱ्या हिसामुद्दीन उस्तांना १९८६ साली पद्मश्री मिळाली, मला त्याचा मनापासून आनंद आहे, कातड्याच्या भांड्यावर झालेल्या कामाला मान मिळाला. पण खानदेशातल्या हजारो विहिरींवर मोटा कोणी शिवल्या त्यांची नावं मला हवी आहेत आणि ती कुठेच लिहिलेली नाहीत.

नानांनी मोट शिवली नाही. ते वयात येईपर्यंत मोटा संपल्या होत्या. धुळ्यात स्टँडजवळ त्यांचं चपला दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, संत रोहिदासांचा फोटो, त्या फोटोतही रोहिदासांपुढे पाण्याचं भांडं, आणि फोटोखाली नानांची स्वतःची कुंडी, जिच्यात ते चामडं भिजवायचे. मला त्यांनी दुकानात बसू दिलं नाही कधी. शाळा सुटली की मी तिकडे जायचे, ते पाच रुपये हातावर ठेवून घरी पाठवायचे. रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, हात लावला तर ओरडायचे. तू शिक, हे तुझ्या हातात नको. मी शिकले, नोकरी लागली, आणि मग पस्तिशीनंतर कधीतरी इंटरनेटवर परदेशातल्या लोकांनी केलेली चामड्याची भांडी बघितली, शिल्पासारखी, दिव्याखाली ठेवलेली, आणि पोटात काहीतरी हललं. पहिलं चामडं मागवलं ते कानपूरहून. नानांपासून लपवून गच्चीवर भिजवलं. वास लपत नाही. ते जिना चढून वर आले, टबमध्ये बघितलं आणि काही न बोलता खाली गेले, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेली आबांची रापी ठेवलेली होती, धार लावून. माफ केलं की हार मानली, मला अजून सांगता येत नाही, आणि त्यांना विचारायची हिंमतही होत नाही.

एक गोष्ट मी प्रदर्शनात शिकले. कातडं म्हटलं की लोक हात मागे घेतात, चामडं म्हटलं की थांबतात, लेदर म्हटलं की किंमत विचारतात. मी सुरुवातीला लेदर म्हणायचे. मग स्वतःचीच लाज वाटायला लागली. कशाचं आहे हा प्रश्नही असतोच, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो जरा दबक्या आवाजात येतो, मी म्हशीचं म्हणते आणि समोरचा श्वास सोडतो. एका बाईंनी वाडगा हातात घेतला, सुंदर म्हणाल्या, कशाचा आहे ते कळल्यावर ठेवला आणि ओढणीला हात पुसला. नकळत. त्यांना कळलंही नसेल. त्या बाबांनी मात्र नाकाला लावला होता. म्हणून कदाचित त्यांचाच प्रश्न इतका लागला. ज्या माणसाला चामड्याची किळस नाही, उलट ओळख आहे, तो विचारतो की यात पाणी राहतं का, आणि मी मोट शिवणाऱ्याची नात, नाही म्हणते.

यात्रेहून आल्यावर पंधरा दिवसांनी मी एका बोलमध्ये पाणी ओतून बघितलं. वीस मिनिटांत बाहेरून घाम आल्यासारखा ओलावा, तासाभरात काठ खाली बसला आणि तीन दिवसांच्या मेहनतीचा आकार ओल्या पापडासारखा परातीत पसरला. साहजिक होतं. ज्या पाण्यानं आकार दिला तेच पाणी आकार परत घेणार. जुन्या काळी इंग्लंडात चामड्याचे पेले असायचे त्यांना आतून डांबर फासायचे, ते मला करायचं नव्हतं. दुसरा उपाय गरम पाण्याचा, सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात सालीचं चामडं बुडवलं की ते अचानक आकसतं, जाड होतं, वाळलं की लाकूड. तीन तुकडे त्यात जाळून बघितले, जाळून म्हणजे काही सेकंद जास्त झाले की ते भाजलेल्या शेंगेसारखं वेडंवाकडं होतं आणि मोडतं. मग एका रात्री हरून नानांना विचारलं. मोट कशी काय गळायची नाही?

"मोट त गयेच," नाना म्हणाले.

म्हणजे काय? म्हणे, मोट गळायचीच, टाक्यांतून, सोंडेच्या जोडातून. लहान असताना आबांबरोबर ते विहिरीच्या काठाशी बसायचे, मोट वर येईपर्यंत खाली विहिरीत टप टप टप आवाज यायचा, आणि त्या आवाजावरून आबा सांगायचे की टाका कुठला सुटलाय. थोडं गळलं तर चालायचं, कारण पाणी विहिरीतलं विहिरीतच पडायचं. कातडं ओलं राहिलं की फुगतं, फुगलं की टाके आपोआप आवळतात. कोरडी ठेवली की संपली, म्हणून काम नसलं तरी ती ओली ठेवायची, तेल पाजायचं. मी ऐकतच राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी एकही थेंब न गळणारं भांडं करायला निघाले होते, तसं भांडं आबांनी कधी केलंच नव्हतं.

मग पाठीचं, चांगलं पाच मिलिमीटर जाड चामडं घेतलं. साच्यावर चढवलं, आठवडाभर माठाशेजारी वाळवलं. मधमाशीचं मेण वितळवून फक्त बाहेरून पाजलं, पाजलं म्हणजे खरंच पाजलं, एप्रिलच्या दुपारी गच्चीच्या पत्र्यावर ठेवलं की ते मेण आत ओढून घेतं, पुन्हा लावायचं, पुन्हा ओढतं, जोपर्यंत नको म्हणत नाही तोपर्यंत. आतून काहीच नाही लावलं. काठाला वादीचे टाके, ते नानांनी घातले, चष्मा लावून, आबांच्या आरीनं, अकरा टाके आणि दोन तास. बोटं थरथरतात त्यांची आता, पण आरी एकदा कातड्याला टेकली की थरथर थांबते, हे मी जवळून बघितलं.

संध्याकाळी पाणी भरलं, आतून पेन्सिलनं खूण केली आणि स्टीलच्या परातीत ठेवून झोपले. झोपले कसली. रात्रीत दोनदा उठून बघितलं. पंखा बंद केला की मध्येच एक आवाज, टप, मग बराच वेळ काही नाही. सकाळी पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं, परातीत थोडं साचलेलं, आणि आकार जिथल्या तिथे, काठ ताठ. पाण्याला अगदी फिका चहासारखा रंग आला होता. त्या बाबांना आता सांगता येईल. ऱ्हास, बाबा. थोडं जास, पन ऱ्हास.

नाना चहाच्या आधी पाणी पितात. मी भांडं तसंच उचलून त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी घेतलं, मान मागे केली आणि सवयीनं वरून धार धरली. काठ जाड, त्याला चोच नाही, अर्धं पाणी बनियनवर सांडलं. मी म्हटलं, नाना, तोंड लावा ना. ते थांबले. भांडं हातात, बघत राहिले त्याच्याकडे.

"कोनं शे?"

"आपलंच शे नाना."

त्यांनी काठाला तोंड लावलं, दोन्ही हातांनी धरून, हळूहळू, सगळं संपेपर्यंत. मग ओठ पुसले.

"तुरट लागस," म्हणाले, आणि भांडं माझ्यापुढे केलं. "आजून टाक."